डीबीएसनंतर हात थांबला आणि पडणं सुरू झालं: एका काकांची केस

"एवढं मोठं ऑपरेशन केलं, हात थरथरायचा थांबला, मग आता हे पडतायत का?" डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, पार्किन्सन्ससाठी मेंदूत तार बसवून करंट द्यायचं ऑपरेशन, ते झालेल्या पेशंटच्या घरी गेलं की हा प्रश्न हमखास येतो आणि मागोमाग संशयही ठरलेला असतो, मशीन बिघडलं असणार नाहीतर डोक्यातली तार हलली असणार. मी न्यूरो फिजिओथेरपी करते, जास्त करून पेशंटच्या घरी जाऊन. ही केस सविस्तर लिहितेय कारण याचं उत्तर ओपीडीतल्या दहा मिनिटांत कुणाला नीट मिळत नाही, आणि ते न मिळाल्यामुळे घरातली माणसं एकमेकांवर चिडतात, पेशंटवर तर जास्तच. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, घरच्यांना विचारूनच लिहितेय.

काका पासष्टी ओलांडलेले, वीज मंडळातून इंजिनीअर म्हणून रिटायर, कोथरूडला जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. घरी काकू, मुलगा-सून आणि शाळेत जाणारा नातू. पार्किन्सन्सला बारा-तेरा वर्षं झालीत. उजव्या हाताच्या थरथरीने सुरुवात, मग कडकपणा, मग अक्षर बारीक होत गेलं. सिन्डोपा या पार्किन्सन्सच्या गोळीवर पहिली काही वर्षं छान गेली आणि पुढे बहुतेकांचं होतं तेच झालं, गोळीचा असर दोन-अडीच तासांत संपायला लागला, गोळी चढली की अंग आपोआप वळवळायचं, उतरली की खुर्चीतून उठता यायचं नाही. दिवसाचे तुकडे पडले होते अक्षरशः. कुठल्या लग्नाला जायचं तर गोळीची वेळ बघून मुहूर्त गाठायचा अशी अवस्था.

मग डीबीएस. मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, सबथॅलॅमिक न्यूक्लिअस नावाचा सेंटीमीटरभराचा एक भाग असतो, तिथपर्यंत साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची तार नेतात आणि कॉलरबोनच्या खाली कातडीत बसवलेल्या बॅटरीतून तिला सतत करंट देतात. याचं मूळ फ्रान्समधल्या ग्रनोबलचं. १९८७ मध्ये तिथे आलीम-लुई बेनाबिद यांना थॅलॅमस या मेंदूतल्या दुसऱ्या एका भागाच्या ऑपरेशनमध्ये दिसलं की जास्त फ्रिक्वेन्सीचा करंट दिला की पेशी न जाळताच थरथर थांबते. पुढे १९९० मध्ये अमेरिकेत माहलॉन डीलाँग यांच्या टीमने माकडांमध्ये दाखवलं की सबथॅलॅमिक न्यूक्लिअस निकामी केला तर पार्किन्सन्सची लक्षणं कमी होतात, आणि १९९३ मध्ये बेनाबिद यांच्याच टीमने माणसात त्या जागी तार घातली. काकांना हा सगळा इतिहास माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे, फ्रिक्वेन्सी १३० हर्ट्झ हे तर ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "आपल्या घरची लाइन पन्नासची, माझ्या डोक्यातली एकशे तीसची".

आणि डीबीएसने काम केलं, हे आधी स्पष्ट सांगते. थरथर गेली, अंग वळवळणं गेलं, गोळ्या जवळपास निम्म्या झाल्या, सही पुन्हा बँकेत चालायला लागली. दोन वर्षं उत्तम गेली. तिसऱ्या वर्षी पडणं सुरू झालं, आधी कधीतरी, मग आठवड्यातून एक-दोनदा, एकदा कपाळाला टाके पडले. त्यानंतर मला बोलावलं.

जुनी फाइल आधी मागून घेतली. ऑपरेशनच्या आधी एक टेस्ट करतात, रात्रीपासून गोळी बंद ठेवायची, सकाळी तसंच तपासून स्कोअर काढायचा, मग गोळीचा जास्तीचा डोस देऊन परत स्कोअर. निदान ३० टक्क्यांच्या आसपास तरी फरक दिसला तर ऑपरेशनचा उपयोग होईल असं साधारण धरतात. काकांचा फरक भरपूर होता, त्यामुळे डीबीएसचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. पण त्याच रिपोर्टात खाली एक ओळ होती, गोळी पूर्ण चढलेली असताना सुद्धा दारात पाय थोडे अडकतात, अशी. या एका ओळीत सगळं होतं. थरथर सोडली तर डीबीएसचा ढोबळ नियम असा की गोळीने जे सुधारतं तेच डीबीएसने सुधारतं. गोळी चढलेली असतानाही जे पाय अडकतात ते ऑपरेशननंतरही अडकणार, आणि आजार पुढे जाईल तसं वाढणार. हे घरच्यांना कुणी समजेल असं सांगितलंच नव्हतं, निदान त्यांच्या लक्षात राहील असं नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं कारण अपेक्षा आधीच नीट बांधली असती तर पुढची चिडचिड निम्मी वाचली असती.

तरी मशीनला आधीच क्लीन चिट देऊन चालत नाही. मी न्यूरोलॉजिस्टना कळवलं आणि सेंटरला चार अवस्थांमध्ये चालणं तपासलं गेलं: गोळी नाही-मशीन बंद, गोळी नाही-मशीन चालू, गोळी घेऊन-मशीन बंद, आणि दोन्ही चालू. हे वेळखाऊ आहे, पेशंटला त्रासाचं आहे, पण याशिवाय नुसते अंदाज होतात. मशीन बंद केल्यावर काकांना दोन पावलं टाकता येईनात. दोन्ही चालू असताना सगळ्यात चांगलं, पण पूर्ण बरोबर नाही. म्हणजे तार जागेवर, बॅटरी ठीक, मशीन आपलं काम करतंय. ब्लड प्रेशर झोपून आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी घेतलं, कारण पार्किन्सन्समध्ये उभं राहिल्यावर प्रेशर धाडकन उतरून माणूस पडतो आणि ते बघायचंच राहून जातं. ते नॉर्मल. चष्म्याचा नंबर बघून झाला. आता उरलं काय?

उरलं ते काकूंच्या कालनिर्णयवर होतं. मी त्यांना सांगितलं होतं की पडले किंवा पडता पडता वाचले की तारीख, वेळ आणि त्या क्षणी ते काय करत होते एवढंच लिहा. वेगळी वही वगैरे त्यांनी केली नाही, दुधाचा हिशोब जिथे लिहितात त्याच चौकटीत बारीक अक्षरात लिहीत गेल्या. "अर्धा लि. जास्त, फोन वाजला". "खाडा, चहाचा कप". "नातू मागून बाबा म्हणाला". "बेल". "पेपर हातात, माझ्याशी बोलत". "परत फोन". महिन्याचं पान पूर्ण झाल्यावर आम्ही तिघं टेबलाशी बसून ते बघत होतो आणि काका स्वतःच म्हणाले, अहो यात नुसता चालताना एकदाही नाही.

खरंच नव्हतं. सकाळी रस्त्यावर फिरायला जायचे तिथे, खड्डे, फुटपाथवर लावलेल्या गाड्या, कुत्री, सगळं असून एकदाही पडले नव्हते. पडले ते घरात, ओळखीच्या फरशीवर, आणि प्रत्येक वेळी चालणं अधिक दुसरं काहीतरी चालू असताना.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. आपण चालतो तेव्हा पावलांचा विचार करत नाही, पाऊल केवढं टाकायचं, वजन कुठल्या पायावर घ्यायचं हे मेंदूतले आतले भाग परस्पर बघतात. पार्किन्सन्समध्ये ही परस्पर चालणारी व्यवस्थाच ढासळते आणि मग चालणं लक्ष देऊन करावं लागतं, गाडी नवीन शिकताना क्लच, गिअर, आरसा सगळं डोक्याने करावं लागायचं तसं. लक्ष पूर्ण पायावर असेल तोवर माणूस व्यवस्थित चालतो. लक्ष फोनकडे गेलं की पायांना सांगणारं कुणी उरत नाही, पाऊल आखूड होतं, टाचा उचलल्या जात नाहीत, आणि दारात, वळताना किंवा अरुंद जागेत पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, वरचं अंग पुढे जातं, माणूस पडतो.

यात अजून एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चालता चालता बोलायची वेळ आली आणि तोल जरा डळमळला तर धडधाकट माणूस नकळत बोलणं सोडतो आणि तोल सांभाळतो. स्वीडनमध्ये १९९७ साली वयस्कर लोकांवर एक साधं निरीक्षण छापलं गेलं होतं की बोलायला लागल्यावर जे चालायचे थांबतात ते पुढे जास्त पडतात, म्हणजे त्यांचं चालणं किती लक्ष खातंय ते त्या थांबण्यातून दिसतं. पार्किन्सन्समध्ये याच्याही पुढचा धोका असा की बरेच जण थांबतच नाहीत. नेदरलँड्समधल्या बास ब्लूम यांच्या टीमने हे दाखवलं की तोल आधी, बाकी नंतर, हा जो क्रम आपण आपोआप लावतो तो या पेशंट्सकडून लागत नाही, सगळी कामं एकसारख्या महत्त्वाने करायला जातात आणि त्यात तोल मार खातो.

काकांना तीन मीटर जाऊन वळून परत खुर्चीत बसायला सांगितलं, ठीकठाक जमलं. मग तेच करताना शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, गणित एकदम बरोबर, इंजिनीअर माणूस, पण वेळ जवळजवळ दुप्पट लागला आणि वळताना मी धरलं नसतं तर खाली आले असते. गणित सोडलं नाही त्यांनी! मुलगा बघत होता, त्याला तिथेच कळलं.

आता डीबीएसचा यात हात आहे का? माझं मत सांगते, आणि ते मत म्हणूनच घ्या. सबथॅलॅमिक न्यूक्लिअस हा हालचालीबरोबरच ब्रेकचंही काम करतो, दोन गोष्टी तोडीस तोड समोर आल्या की जरा थांब म्हणणारा. २००७ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये मायकेल फ्रँक यांच्या टीमचा अभ्यास आला होता, त्यात डीबीएस चालू असताना पेशंट अवघड निवडीच्या वेळी थांबायच्या ऐवजी उलट घाई करत होते. डीबीएसनंतर पटकन शब्द सुचणं थोडं कमी होतं हे तर अनेक अभ्यासांत परत परत दिसलंय, आणि काकांना क वरून भाज्या सांगा म्हटल्यावर कांदा, कोबी, कारलं यापुढे गाडी जाईना. विचार-लक्षाच्या टेस्टमध्येही स्मरणशक्ती चांगली, पण लक्ष टिकवायचे भाग कच्चे आले. फोन वाजला की काका ज्या पद्धतीने उसळून उठायचे त्यात मला आजार, मशीन आणि नव्याने आलेला आत्मविश्वास तिन्ही दिसायचं. ऑपरेशनआधी काकांना उठायलाच जमत नव्हतं म्हणून ते पडत नव्हते, हाही भाग आहेच. हात मोकळा झाला म्हणून ते कप घेऊन चालायला लागले.

पुढे काय केलं ते सांगते.

न्यूरोलॉजिस्टनी सेटिंगमध्ये एक प्रयोग केला. फ्रान्समधल्या लीलच्या टीमने २००८ मध्ये दाखवलं होतं की १३० ऐवजी ६० हर्ट्झ ठेवून व्होल्टेज वाढवलं तर काही पेशंट्सचं पाय अडकणं कमी होतं. काका खूश, "आता घरच्या लाइनच्या जवळ आलो". पहिले काही दिवस पाय खरंच मोकळे वाटले, पण उजव्या हाताची थरथर परत आली, आमटीचा चमचा तोंडापर्यंत जाईना. त्यांनी स्वतःच सांगितलं, परत १३० करा. हा निर्णय पेशंटचाच असायला हवा असं मला वाटतं, कारण चमच्याने स्वतःच्या हाताने जेवणं की दारातून सहज जाणं यातलं त्याला काय जास्त हवंय ते आपण ठरवू शकत नाही.

रिव्हास्टिग्माइनचा पॅच सुरू केला. लक्ष आणि चालणं या दोन्हींना लागणारं असिटिलकोलीन हे मेंदूतलं रसायन पार्किन्सन्समध्ये कमी होतं, आणि ब्रिटनमध्ये १३० पेशंट्सवर झालेल्या, २०१६ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत आलेल्या चाचणीत या औषधाने पावलांची लय जास्त एकसारखी झाली होती, मळमळीचा त्रास मात्र बऱ्याच जणांना झाला होता. काकूंचं म्हणणं, आता बोलताना मध्येच हरवत नाहीत. पायावर नेमका किती फरक पडला ते मी वेगळं काढून सांगू शकत नाही, त्याच काळात बाकी सगळंही बदलत होतं.

बाकी सगळं म्हणजे घर आणि सवयी. फोन हॉलमधून हलवून काकांच्या खुर्चीजवळ आणला आणि नियम केला की वाजला तर वाजू द्यायचा, ज्याला काम असेल तो परत करेल. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. चहा स्वतः न्यायचा हट्ट होता, तो मोडायचा नव्हता मला, म्हणून घट्ट झाकणाचा थर्मास आणि खांद्याला अडकवायची कापडी झोळी, दोन्ही हात रिकामे. वळताना जागच्या जागी गर्रकन वळायचं नाही, मोठा अर्धगोल घ्यायचा. आणि घरच्यांना नियम, मागून हाक नाही, चालताना प्रश्न नाही, अडकले तर हात धरून ओढायचं नाही आणि "चला, चला, उचला पाय" असा गजर तर अजिबात नाही. अडकले की काकांनी पूर्ण थांबायचं, ताठ उभं राहायचं, वजन या पायावरून त्या पायावर डोलवायचं आणि मग एक मोठं पाऊल ठरवून टाकायचं. नातवाने हे सगळ्यात आधी शिकून घेतलं, तो आता आजोबा थांबले की स्वतःही थांबतो आणि गप्प उभा राहतो.

स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी फार अडकायचं. तिथे पाऊलभर अंतरावर आडव्या पट्ट्या चिकटवल्या, काकांच्याच ड्रॉवरमधली लाल इन्सुलेशन टेप. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो, कारण पाऊल मग आतून आपोआप यायची वाट बघत नाही, डोळ्याने बघून टाकलं जातं. टेपच्या कडा दोन आठवड्यांत सुटायला लागल्या, आणि सुटलेल्या कडेत पाय अडकणं म्हणजे नवीनच संकट, तेव्हा मुलाने पट्ट्या रंगवून घेतल्या.

जिन्याबद्दल मुद्दाम लिहिते कारण त्यावरून या घरात खूप भांडणं झाली होती. काका दोन मजले जिना कठडा धरून व्यवस्थित चढतात आणि वर आल्यावर सपाट पॅसेजमध्ये अडकतात. सुनेला वाटायचं मुद्दाम करतात, लक्ष वेधून घ्यायला. बाहेरून बघणाऱ्याला तसं वाटणं साहजिक आहे पण ते तसं नाही हो. पायरी हीच खूण असते, प्रत्येक पायरी पायाला सांगते कुठे पडायचं, सपाट फरशी काहीच सांगत नाही. मूळच्या पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी त्यांच्या स्वतःच्या काकांच्या बाबतीत हेच बघितलं आणि सपाट जमिनीवर जिन्याचं चित्र चिकटवलं, त्या चित्रावरून ते चालू शकले. ब्लूम यांनी तर २०१० मध्ये असा पेशंट जगाला दाखवला होता जो चालताना काही पावलांत अडकून पडायचा आणि सायकल मात्र झोकात चालवायचा. मी सुनेला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, नंतर काकांसाठी पॅसेजमध्ये पट्ट्या तिनेच काढल्या.

लयीसाठी आधी मोबाइलवर मेट्रोनोम लावून बघितला, काकांना ती टिकटिक सहन होईना. एके काळी ते पुण्याहून दिवेघाट चढून सासवडपर्यंत वारीत चालायचे, मग मीच विचारलं, टाळाचा ठेका आठवतो का? "ग्यानबा तुकाराम" मनातल्या मनात, प्रत्येक ठोक्याला पाऊल, आणि पाऊल लांब. तोच चालला. आता पॅसेज पार करताना ओठ हलताना दिसतात.

लक्ष वाटून घ्यायचा सराव मात्र मी लगेच सुरू केला नाही. २०१७ मध्ये बेल्जियम-नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासात चालणं आणि दुसरं काम एकत्र करायचा सराव दिल्यावर चालण्याचा वेग सुधारला आणि पडणं वाढलं नाही असं दिसलं होतं, त्यामुळे सराव करायला हरकत नसते, पण आधी घर सुरक्षित व्हायला हवं होतं. आम्ही कठड्याजवळ, मी बाजूला उभी राहून, चालता चालता सोपे प्रश्न असं सुरू केलं, काल भाजी कुठली होती, आज वार कुठला. नियम एकच, तोल गेल्यासारखं वाटलं की उत्तर सोडायचं. उत्तर सोडायला शिकवायला फार वेळ लागला. प्रश्न आला की उत्तर द्यायचंच अशी आयुष्यभराची सवय.

आजची स्थिती. पडणं खूप कमी झालंय, बंद नाही. कालनिर्णयच्या चौकटीत आता बहुतेक दुधाचाच हिशोब असतो. संध्याकाळी थकल्यावर आणि पाहुणे आल्यावर काका अजूनही डळमळतात, कारण लक्ष दिवसभर पुरत नाही, ते संपतं. म्हणून संध्याकाळी सातनंतर उठायचं तर कुणीतरी सोबत, हे ठरवून टाकलंय. मंडईत गर्दीच्या वेळी जाणं त्यांनी सोडलं, सकाळी लवकर जातात. बॅटरी बदलायची वेळ पुढे येईल तेव्हा रिचार्ज होणारी बसवायची का यावर मुलाचं आणि त्यांचं बोलणं चालू आहे.

सध्या काम चालू आहे ते लिफ्टवर. बिल्डिंगला नवीन लिफ्ट बसलीय, तिचा दरवाजा आपोआप बंद होतो आणि तो बंद होणार या घाईनेच काकांचे पाय दारात अडकतात. सेक्रेटरींना विचारून दरवाजा उघडा राहायची वेळ वाढवून घेतलीय, आत मागच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक लाल ठिपका लावलाय म्हणजे नजर दाराच्या फटीवर न राहता पलीकडे जाईल, आणि लिफ्टमध्ये शिरताना कुणी नमस्कार केला तरी उत्तर आत पोचल्यावर द्यायचं असं ठरलंय. शेजाऱ्यांनाही तसं सांगून ठेवलंय.